२ ऑगस्ट २०२७चं खग्रास सूर्यग्रहण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे ग्रहण नेमकं कधी आणि कुठे आहे?

सोमवार, २ ऑगस्ट २०२७. चंद्राची गडद सावली अटलांटिक महासागरात पृथ्वीला टेकेल, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवरून आत शिरेल आणि दक्षिण स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया असा उत्तर आफ्रिका ओलांडत इजिप्तमध्ये येईल. तिथून तांबडा समुद्र, सौदी अरेबिया, येमेन, सोमालियाचं टोक आणि मग हिंदी महासागर. सावलीचा हा पट्टा सर्वांत रुंद असेल तिथे साधारण २५८ किलोमीटर. या पट्ट्यात असाल तरच खग्रास, बाहेर असाल तर खंडग्रास.

सगळ्यांत मोठी खग्रास अवस्था इजिप्तमध्ये लक्सरजवळ आहे, ६ मिनिटं २३ सेकंद. तिथे तेव्हा दुपारचा एक वाजून गेलेला असेल, आपल्याकडे साडेतीन.

आणि तिथी? आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस, तीही सोमवती. घरातले दिवे घासूनपुसून मांडायचे त्याच दिवशी आकाशातला दिवा मालवायचा आहे. (काही मंडळींना हा दिवस वेगळ्या नावाने जास्त ओळखीचा आहे. त्यांनी डोळे शाबूत असेपर्यंत ग्रहण बघून घ्यावं.)

महाराष्ट्रातून दिसेल का?

खग्रास नाही. दुपार कलल्यावर महाराष्ट्रातून आणि गोव्यातून सूर्याचा एक तुकडा कातरल्यासारखा दिसेल, म्हणजे खंडग्रास. तेही ढगांनी परवानगी दिली तर, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोकणात किंवा घाटमाथ्यावर ती मिळणं कठीणच. देशावर, मराठवाड्याच्या बाजूला थोडी जास्त आशा. घरूनच पाहणार असाल तर गच्चीवरून पश्चिमेचं आकाश मोकळं दिसतं का ते आधी बघून ठेवा, आणि ग्रहणाचा चष्मा सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांवर ठेवा. आपल्याकडे तो काढायची वेळ एक सेकंदही येणार नाही.

पट्ट्याच्या जरा बाहेर, ९९ टक्के ग्रहण दिसेल अशा जागी राहिलं तर काय बिघडलं?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि सर्वांत जास्त पैसेही यानेच वाया जातात.

सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण चार लाख पट तेजस्वी आहे. ९९ टक्के झाकला गेला तरी उरलेला एक टक्का पौर्णिमेच्या चार हजार पट उजेड देतो. ऊन मलूल होतं, सावल्या धारदार होतात, हवा किंचित गार लागते. बस. प्रभामंडल, म्हणजे सूर्याभोवतीचं फिकट तेजोवलय, दिसत नाही, तारे दिसत नाहीत, अंगावर काटा येत नाही. प्रभामंडल सूर्याच्या झगझगीत पृष्ठभागापेक्षा जवळपास दहा लाख पटींनी फिकं असतं, त्यामुळे सूर्याची चिमूटभर कोर उरली तरी ते पुसून जातं. परीक्षेत ९९ टक्के म्हणजे कौतुक. इथे ९९ म्हणजे नापास.

म्हणून हॉटेल बुक करताना शहराचं नाव पाहू नका, नकाशावरची पट्ट्याची सीमारेषा पाहा. कैरो पट्ट्याच्या बरंच बाहेर आहे. अस्वानही थोडक्यात बाहेर पडतं, आणि नाइलवरच्या बहुतेक बोटी लक्सर ते अस्वान अशाच फिरतात. तुमची बोट त्या दुपारी कुठे असेल हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

ग्रहण होतं कसं? आणि मग दर अमावास्येला का होत नाही?

चंद्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधे आला की त्याची सावली पृथ्वीवर पडते. या सावलीचे दोन भाग. मधली गडद ती प्रच्छाया, भोवतालची विरळ ती उपच्छाया. प्रच्छायेत उभं राहणाऱ्याला सूर्य पूर्ण झाकलेला दिसतो, उपच्छायेतल्याला अर्धामुर्धा.

चंद्र मधे येतो दर अमावास्येला. पण त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. ५ अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण आकाशात सूर्यबिंब जेमतेम अर्ध्या अंशाचं आहे. त्यामुळे बहुतेक अमावास्यांना चंद्र सूर्याच्या वरून नाहीतर खालून निघून जातो आणि सावली पृथ्वीला चुकवून अवकाशात जाते.

दोन्ही कक्षांची पातळी जिथे एकमेकींना छेदते ते दोन बिंदू म्हणजे पातबिंदू. आपल्या ज्योतिर्गणितात त्यांनाच राहू आणि केतू म्हणतात. अमावास्येला सूर्य आणि चंद्र दोघंही पातबिंदूजवळ असले की सूर्यग्रहण. सूर्याला या बिंदूंजवळ येण्याची संधी साधारण सहा महिन्यांनी मिळते, म्हणून ग्रहणं वर्षातून दोन हंगामांत येतात. राहू सूर्याला गिळतो ही कथा आणि राहूजवळ ग्रहण होतं हे गणित, दोन्ही आपल्याकडे शेजारी शेजारी नांदली. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस ग्रहण म्हणजे सावलीचा खेळ आहे असं स्वच्छ लिहून ठेवलं होतं.

एवढासा चंद्र एवढ्या मोठ्या सूर्याला झाकतो कसा?

सूर्याचा व्यास सुमारे १३.९ लाख किलोमीटर, चंद्राचा ३,४७४. म्हणजे सूर्य चारशे पट मोठा. पण तो चारशे पट लांबही आहे, म्हणून आकाशात दोघं जवळजवळ सारख्याच आकाराचे दिसतात. यामागे काही नियम नाही, निव्वळ योगायोग. चंद्र दरवर्षी आपल्यापासून सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो आहे. साठेक कोटी वर्षांनी तो इतका लांब गेलेला असेल की खग्रास ग्रहण ही गोष्टच उरणार नाही.

चंद्राची कक्षा लंबगोल असल्यामुळे आजही तो कधी जवळ, कधी लांब असतो. लांब असताना ग्रहण झालं तर बिंब अपुरं पडतं आणि कडेने सूर्याची बांगडी उरते. ते कंकणाकृती. २०१९च्या डिसेंबरात केरळ-तामिळनाडूतून आणि २०२०च्या जूनमध्ये कुरुक्षेत्राकडून दिसलं ते असं होतं. सुंदर असतं, पण खग्रासाची सर त्याला नाही.

सहा मिनिटं तेवीस सेकंद म्हणजे फार आहेत का?

फार आहेत. बहुतेक खग्रास ग्रहणं दोन-तीन मिनिटांत आटोपतात. गणिताने शक्य असलेली कमाल मर्यादाच साडेसात मिनिटांच्या आसपास आहे. एवढं मोठं ग्रहण पुन्हा जमिनीवरून पाहायचं तर २११४ उजाडावं लागेल.

तीन गोष्टी एकत्र आल्यात. चंद्र त्या दिवशी पृथ्वीच्या जवळ आहे, म्हणून त्याचं बिंब मोठं. पृथ्वी जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासून सर्वांत लांब असते, त्यामुळे ऑगस्टच्या आरंभी सूर्यबिंब किंचित लहान. आणि सावली भर दुपारी, विषुववृत्तापासून फार लांब नसलेल्या प्रदेशावरून जाते आहे. सावली पश्चिमेकडून पूर्वेकडे ताशी तीन हजार किलोमीटरहून जास्त वेगाने धावते, पण पृथ्वीही त्याच दिशेने फिरते. लक्सरच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५०० किलोमीटरने तिच्या बरोबरीने पळत असते. स्टेशनातून सुटलेल्या गाडीबरोबर फलाटावरून धावत राहिलं तर ती जरा जास्त वेळ दिसते, तसंच.

२००९च्या ग्रहणाशी याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि माझ्यासाठी या ग्रहणाची गंमत तिथेच आहे.

२२ जुलै २००९. सुरतेहून इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा असं निघालेलं खग्रास ग्रहण. महाराष्ट्रातून गाड्या भरभरून लोक सुरतेकडे गेले, त्यात आम्हीही होतो. पहाटे चारपासून एका शेताच्या बांधावर तिवया लावून उभे. पाऊस नव्हता, पण ढग असे की सूर्य कुठल्या बाजूला आहे तेच कळेना. सकाळी सहा वाजून वीसेक मिनिटांनी उजाडलेलं आकाश कुणीतरी पांघरूण ओढावं तसं काळं झालं, कावळे ओरडत झाडांकडे परतले, तीन मिनिटं आम्ही एकमेकांची तोंडं चाचपडत उभे राहिलो आणि पुन्हा उजाडलं. एकाच दिवशी दोन पहाटा पाहिल्या, सूर्य एकदाही नाही. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

ते ग्रहण आणि हे ग्रहण सख्खी भावंडं आहेत. २२३ चांद्रमास, म्हणजे १८ वर्षं ११ दिवस आणि साधारण ८ तास उलटले की सूर्य, चंद्र आणि पातबिंदू यांची मांडणी जवळपास जशीच्या तशी परत येते. या चक्राला सारोस म्हणतात आणि बॅबिलोनियातल्या ज्योतिर्विदांना ते ठाऊक होतं. २००९मध्ये १८ वर्षं ११ दिवस मिळवा, २ ऑगस्ट २०२७ येतो. तिथीसुद्धा तीच, २००९लाही दिव्यांची अवसच होती. फरक त्या उरलेल्या आठ तासांचा. तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरते आणि पट्टा तितका पश्चिमेकडे सरकतो. मॉन्सूनच्या ढगांतून उचलून थेट वाळवंटात.

या कुटुंबाला क्रमांक आहे १३६, आणि घराणं मोठं नामांकित आहे. २९ मे १९१९चं ग्रहण याच मालिकेतलं. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रिन्सिपे बेट आणि ब्राझीलमधलं सोब्राल इथून त्याचे फोटो घेतले, सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो हे त्यातून दिसलं, सापेक्षतेचं भाकीत खरं ठरलं आणि आइन्स्टाइन एका रात्रीत घरोघरी पोचले. ३० जून १९७३चंही यातलंच. तेव्हा शास्त्रज्ञांनी काँकॉर्ड विमानातून सावलीचा पाठलाग केला आणि ७४ मिनिटं खग्रास अवस्था अनुभवली. तीन सारोस झाले की आठ-आठ तासांचा पुरा दिवस होतो आणि ग्रहण साधारण त्याच रेखांशांवर परततं. १९७३नंतर तिसरं म्हणजे हेच, पुन्हा आफ्रिकेत.

त्या वेळात काय काय दिसतं?

पंचांगातले शब्दच इथे सर्वांत नेमके आहेत: स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष.

स्पर्शाला सूर्याच्या कडेला बारीक खाच पडते. त्यानंतर तासभर फारसं काही घडत नाही. चहा प्या, टोपी घाला, झाडाखाली पडलेले कवडसे बघा. पानांच्या फटींमधून आलेला प्रत्येक कवडसा सूर्याच्या कोरीच्या आकाराचा झालेला असतो. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत उजेडाचा रंग विचित्र होतो. तिन्हीसांजेसारखा सोनेरी नाही, शिशासारखा. वारा बदलतो. फिकट भिंतीवर किंवा चादरीवर कधीकधी पाण्यातल्या लाटांसारखे सावलीचे पट्टे सरकताना दिसतात. पश्चिम क्षितिजाकडे पाहिलंत तर सावली वादळासारखी चालून येताना दिसेल.

संमीलनाच्या वेळी चंद्राच्या कडेवरच्या दऱ्यांमधून सूर्यप्रकाशाचे मणी चमकतात, ते एकेक विझतात, शेवटचा उरतो आणि हिऱ्याची अंगठी दिसते. तीही विझते. मग आकाशात जिथे सूर्य होता तिथे काळं भोक आणि त्याभोवती मोत्याच्या रंगाचं प्रभामंडल. कडेला वर्णावरणाची, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागालगतच्या पातळ थराची, गुलाबी रेघ, नशिबात असल्या तर ज्वालांच्या गुलाबी जिभा. ग्रह दिसतात, ठळक तारे दिसतात, आणि चारी दिशांना क्षितिजावर एकाच वेळी संध्याकाळ असते.

उन्मीलनाला दुसऱ्या बाजूने पुन्हा हिऱ्याची अंगठी येते. तिथेच लोक ओरडतात, टाळ्या वाजवतात, काही रडतात. मोक्षापर्यंत थांबणारे थोडेच.

डोळ्यांना धोका किती?

सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर नेत्रपटल भाजतं आणि भाजताना दुखत नाही, कारण तिथे वेदनेची जाणीवच नसते. इजा कळते काही तासांनी. ग्रहणात सूर्य जास्त घातक किरण सोडत नाही. तो नेहमीसारखाच असतो, फक्त आपण त्याच्याकडे टक लावून बघतो.

आयएसओ १२३१२-२ हे मानक पाळणारा ग्रहण-चष्मा किंवा १४ नंबरची वेल्डिंगची काच चालेल. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, दोन-तीन गॉगल एकावर एक, हळदीच्या पाण्यातलं प्रतिबिंब यांतलं काहीही नको, आजोबांनी तसंच पाहिलं होतं तरीही. दुर्बिणीला गाळणी (फिल्टर) पुढच्या भिंगावर लावायची. ग्रहण-चष्मा घालून दुर्बिणीतून बघणं सर्वांत धोक्याचं, कारण एकवटलेलं ऊन चष्मा जाळून आत जातं. मुलांसाठी चाळणी उत्तम. सूर्याकडे पाठ करून तिची सावली कागदावर पाडा, शंभर छोटे सूर्य दिसतील.

आता उलट बाजू. पट्ट्यात असाल आणि हिऱ्याची अंगठी विझली, की चष्मा काढायचाच. खग्रास अवस्था नुसत्या डोळ्यांनी पाहायची असते. चष्म्यातून ती दिसतच नाही. भीतीपोटी सहा मिनिटं चष्मा लावून काळोख पाहत बसलेले लोक असतात, त्यांच्यात जाऊ नका. दुसरी अंगठी चमकायला लागली की चष्मा परत डोळ्यांवर.

कुठून पाहावं?

लक्सर. ऑगस्टमध्ये तिथे ढग जवळजवळ नसतातच आणि सूर्य डोक्यावर असतो. किंमत मोजायची ती उन्हाची. चाळिशीच्या पुढचं तापमान, तेही दुपारी एक वाजता. नागपूरकरांना फार सांगायला नको, पण बाकीच्यांनी पाणी, सावली आणि सोबतची वयस्कर मंडळी यांचा विचार आधी करावा. तिथली हॉटेलं आणि बोटी लोकांनी काही वर्षं आधीपासून अडवायला सुरुवात केली आहे.

जेद्दामध्ये सुमारे सहा मिनिटं मिळतील आणि मक्केत पाचाहून जास्त. रत्नागिरी-रायगडकडची किती घरं तिथल्या नोकऱ्यांवर उभी आहेत हे वेगळं सांगायला नको. ज्यांचे भाऊ-काका तिकडे आहेत त्यांनी आजच फोन करून सांगा, कामावर असलात तरी दुपारी बाहेर या.

दक्षिण स्पेनमध्ये उकाडा कमी, प्रवास सोपा, पण वेळही कमी. मालागात दोन मिनिटांच्या आत, कादिझमध्ये तीनच्या जवळपास. त्यापेक्षा सामुद्रधुनी ओलांडून तांजेरला गेलात तर पावणेपाचच्या पुढे. मी विचाराल तर लक्सर. २००९नंतर मला ढगांशी व्यवहार करायचा नाही.

फोटो कसे काढू?

पहिल्यांदाच पाहत असाल तर काढू नका. फारच वाटलं तर मोबाइल तिवईवर ठेवा, सूर्याकडे नव्हे, आपल्या माणसांकडे रोखून व्हिडिओ सुरू करा आणि विसरून जा. आईच्या तोंडून निघालेलं ‘अगं बाई’ सूर्याच्या धूसर ठिपक्यापेक्षा जास्त टिकतं.

शास्त्रज्ञांना आता ग्रहणाची काय गरज?

पूर्वीइतकी नाही, पण संपलेलीही नाही. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, आणि त्याच्यावरचं प्रभामंडल दहा लाख अंशांच्या पुढे. शेगडीपासून लांब जावं तसं जास्त भाजावं, असा हा उलटा कारभार, आणि त्याचं पूर्ण उत्तर अजून हाती नाही. भारताचं आदित्य-एल१ यान २ सप्टेंबर २०२३ला याच अभ्यासासाठी निघालं. त्यावर सूर्यबिंब चकतीने झाकून कृत्रिम ग्रहण घडवणारी दुर्बीण आहे, आणि पुण्याच्या आयुकाने बनवलेली अतिनील दुर्बीणही. पण चकती सूर्याच्या कडेपेक्षा किंचित मोठी ठेवावी लागते. अगदी कडेला चिकटून पाहायचं तर चंद्रासारखी चकती नाही.

ग्रहण आणि विज्ञान म्हटलं की आपल्याकडे विजयदुर्गाचं नाव निघतंच. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा त्या किनाऱ्यावरून गेला होता, आणि किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवून इथूनच ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉकयरने हेलियम शोधला असं सांगतात. ग्रहण खरं, किनारा खरा. पण लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी आपलं निरीक्षण दोन महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, तिथूनच केलं, तेही ग्रहण नसताना. ग्रहणाच्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. सूर्याच्या वर्णपटातल्या त्या अनोळखी पिवळ्या रेषेचं मूलद्रव्य पृथ्वीवर सापडायला १८९५ साल यावं लागलं. विजयदुर्गाला जाऊ नका असं नाही. जरूर जा, किल्ला अप्रतिम आहे.

वेध, गरोदर बायका, शिजवलेलं अन्न?

ग्रहणाने अन्न बिघडत नाही, आणि सुरी हातात धरल्याने पोटातल्या बाळाच्या ओठाला काही होत नाही. गरोदर बाईला ऑगस्टच्या दुपारी उपाशी-तहानलेलं बसवणं मात्र खरोखर धोक्याचं. ज्यांना आंघोळ, जप, दान करायचं असेल त्यांनी करावं. ‘दे दान, सुटे गिराण’ ही हाक लहानपणी ऐकलेली आहे आणि कुणाला चार पैसे मिळाले तर वाईट काहीच नाही. दारं-खिडक्या लावून घरात बसणं तेवढं नको.

हे हुकलं तर?

२२ जुलै २०२८ला सिडनीवरून पट्टा जातो, तिथे पावणेचार मिनिटांच्या पुढे. तिकडे मराठी घरं बरीच आहेत, राहायची सोय होईल. २१ मे २०३१ला केरळ-तामिळनाडूत कंकणाकृती. एकाच जागी बसून खग्रासाची वाट पाहायची म्हटलं तर सरासरी पावणेचारशे वर्षं लागतात, तेव्हा जायचं आपणच.

भारताच्या भूमीवर पुढचं खग्रास २० मार्च २०३४ला आहे, काश्मीर-लडाखच्या बाजूला, संध्याकाळकडे झुकलेल्या सूर्याचं. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा आहे, रजेचा अर्ज त्या हिशेबाने करा.